त्र्यंबकेश्वरला जाते सांगून जागा बघून आले

पत्र, ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात: मी 69 वर्षांची, डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, लिफ्ट नाही, गुडघे दुखतात. मिस्टर पोस्टात होते, त्यांची फॅमिली पेन्शन 17 हजार येते आणि 15 लाख सीनियर सिटिझन स्कीममध्ये ठेवलेत. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये, सहा-आठ महिन्यांत घर रिकामं करायचंय, बिल्डर तीन वर्षं भाडं देणार आहे, फ्लॅट माझ्या नावावर आहे. मुलगा-सून बंगलोरला. मागच्या वर्षी चार महिने राहून आले, चौदाव्या मजल्यावर दिवसभर मी आणि टीव्ही. ज्येष्ठांच्या वसाहतीचा विषय काढला तर मुलगा चिडला, म्हणाला लोक म्हणतील आईला वृद्धाश्रमात टाकलं. मग मी भजनी मंडळातल्या मैत्रिणीला घेऊन गुपचूप दोन जागा बघितल्या. एक नेरळच्या बाजूला, 8 लाख डिपॉझिट आणि महिना 22 हजार, अगदी हॉटेलसारखी. दुसरी नाशिकजवळ ट्रस्टची, 1 लाख डिपॉझिट, महिना 16 हजार, साधी. दोन्ही बजेटमध्ये बसतात. ती बघायला त्र्यंबकेश्वरला जाते म्हणून सांगितलं होतं. तिथे पॅसेजमध्ये एक बाई म्हणाल्या, "राहायला येताय? उशी घरून आणा." मॅनेजर हसले आणि आम्हाला पुढे घेऊन गेले. दोन्हीकडे चहा-बिस्किटं झाली, तासाभरात बाहेर. एवढं बघून काहीच कळलं नाही असं वाटतंय. कोणती घेऊ? आणि मुलाला कधी सांगू?

काकू,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या उशीपाशी थांबले. एवढ्या मोठ्या पत्रात त्या जागेबद्दल खरीखुरी माहिती देणारं ते एकच वाक्य आहे. बाकीचं सगळं तुम्हाला दाखवलं गेलं, ते कोणीतरी आपणहून सांगितलं. त्या बाईंकडे परत येतेच.

चार वर्षांपूर्वी मी माझ्या मावशीसाठी अशा 11 जागा बघितल्या, पुणे, तळेगाव, नाशिक, एक कोल्हापूरजवळ. पहिल्या चार जागा मी अगदी तुमच्यासारख्याच बघितल्या, म्हणजे सकाळी अकराला जायचं, ऑफिसात बसायचं, बाग, देऊळ, टीव्ही हॉल, एक रिकामी स्वच्छ खोली, चहा, माहितीपत्रक, आणि घरी येऊन मावशीला सांगायचं की छान आहे गं, झाडं खूप आहेत. पाचव्या ठिकाणी मावशी स्वतः बरोबर होती. ती खोलीत न थांबता सरळ बाथरूममध्ये गेली आणि तिथूनच मला हाक मारली, "इकडे ये, ही दोरी बघ." इमर्जन्सी बेलची दोरी होती ती, पडलं तर ओढायची. ती वर गुंडाळून नळाच्या पाइपाला बांधून ठेवली होती, फरशी पुसताना मध्ये येते म्हणून. उभ्या माणसाच्या हाताला येत होती, फरशीवर पडलेल्या माणसाच्या नाही. माहितीपत्रकात लिहिलं होतं, प्रत्येक बाथरूममध्ये बेल. खोटं काहीच नव्हतं त्यात.

तेव्हापासून मी कुठेही गेले की ती बेल वाजवून बघते, आधी परवानगी घेऊन, आणि घड्याळात बघते कोण किती वेळात येतंय. तुम्हीही वाजवा. यात लाजायचं काही नाही, तुम्ही महिन्याला पैसे मोजणार आहात.

आता कोणती घेऊ या प्रश्नाकडे येऊ. आधी हिशोब, कारण तुम्ही लिहिलंय की दोन्ही "बजेटमध्ये बसतात", आणि मला तसं दिसत नाहीये. 15 लाखांवर 8.2 टक्क्यांनी वर्षाला 1 लाख 23 हजार, म्हणजे महिन्याला साधारण 10,250, अधिक पेन्शन 17 हजार, झाले 27,250. नेरळची फी 22 हजार, म्हणून वाटतं पाच हजार उरतात. पण 8 लाखांचं डिपॉझिट कुठून देणार? त्याच 15 लाखांतून ना? मग राहिले 7 लाख, त्यावर व्याज महिन्याला 4,783, अधिक 17 हजार, झाले 21,783. म्हणजे तिथे गेल्याच्या पहिल्या महिन्यापासून फी भरायलाच 217 रुपये कमी पडतात, आणि औषधं, मोबाइल, रिक्षा, नातवाच्या वाढदिवसाला हातावर ठेवायचे पाचशे, यातलं अजून काहीच धरलेलं नाही. शिवाय स्कीम मुदतीआधी मोडली तर मुद्दलातून कापतात, पहिल्या वर्षातच मोडली तर दिलेलं व्याज, एक ते दोन वर्षांच्या मध्ये दीड टक्का, त्यानंतर एक टक्का. तेव्हा नेरळची जागा कितीही आवडली असली तरी काकू, ती तुम्हाला परवडणारी नाहीये, आणि हे तुम्ही आत्ताच मनातून काढून टाकलंत तर बरं.

नाशिकचं गणित बसतं. 1 लाख काढले तर उत्पन्न साडेसव्वीस हजारांच्या आसपास राहतं आणि 16 हजार जाऊन 10 हजार हातात. पण हे आजचं झालं. फी दरवर्षी वाढणार, स्कीमचं व्याज मात्र पाच वर्षं तेवढंच. तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे, पेन्शन केंद्र सरकारची आहे म्हणून जानेवारी आणि जुलैला डीए वाढतो, आणि 80 पूर्ण झाल्यावर फॅमिली पेन्शनमध्येही मूळ पेन्शनच्या 20 टक्के जास्तीचे मिळतात. म्हणून तिथे विचारायचा प्रश्न "फी किती" एवढाच नाही, गेल्या तीन वर्षांत फी कितीवरून किती झाली हा आहे, आणि ते आकडे ऑफिसात विचाराच पण तिथे राहणाऱ्यांनाही विचारा. बिल्डर तीन वर्षं जे भाडं देणार आहे ते मी मुद्दाम धरलेलं नाही आणि तुम्हीही धरू नका. बिल्डरचं भाडं मध्येच थकल्याची उदाहरणं तुमच्या डोंबिवलीतच तुम्हाला माहिती असतील. आलं तर वेगळं साठवा, आजारपणासाठी.

त्यापेक्षा मोठा खर्च वेगळाच असतो. आज तुम्ही स्वतःच्या पायांनी हिंडताय, मैत्रिणीबरोबर एसटीने नाशिक करून आलात. 16 हजार हा अशा बाईचा दर आहे. उद्या खुब्याचं हाड मोडलं किंवा मधुमेहाने नजर गेली तर? बऱ्याच ठिकाणी फॉर्ममध्ये खाली एक ओळ असते, रहिवासी स्वतःची कामं स्वतः करण्यास असमर्थ झाल्यास नातेवाइकांनी घेऊन जावे. ती ओळ मी 11 पैकी 6 फॉर्मांत बघितली. काही ठिकाणी ठेवून घेतात पण वेगळ्या मजल्यावर हलवतात आणि तिथला दर वेगळा, काही ठिकाणी आपली बाई आपण लावायची, तिचा पगारही आपणच द्यायचा आणि जेवणाचे पैसेही. ही प्रत्येक पद्धत समजण्यासारखी आहे, संस्थेलाही माणसं लागतात. पण आधी कळायला हवं, लेखी. तुमच्यासाठी जागा बघताना 79 व्या वर्षीच्या तुम्हाला डोळ्यासमोर ठेवा. म्हणून माझं कायम सांगणं असतं की तिथल्या सगळ्यात आजारी माणसापर्यंत मला न्या म्हणावं. कोणाच्या खोलीत घुसायचं नाही, दारात दोन मिनिटं उभं राहायचं. चादर कशी आहे, वास कसा आहे, पाण्याचा ग्लास हाताला येईल असा ठेवलाय का, नखं कापलेली आहेत का. बाग बघून जे कळत नाही ते तिथे कळतं. आणि "तिकडे नको, तुम्हाला वाईट वाटेल" म्हणून नेतच नसतील तर तेही लक्षात ठेवा.

तुम्ही दोघी होतात, तर पुढच्या वेळी कामं वाटून घ्या. एकीने ऑफिसात बसून प्रश्न विचारायचे, दुसरीने पाय मोकळे करायला म्हणून हिंडायचं. अकराला जाऊ नका, संध्याकाळी पाचला जा आणि रात्रीच्या जेवणाला थांबा, पैसे देऊन. एका ठिकाणी आम्ही जेवलो, आमटी चांगली होती, पोळ्या मऊ होत्या, सगळं साडेसहाला आटोपलं. पलीकडे बसलेल्या एक आजी जेवण झाल्यावर दोन मारी बिस्किटं पेपर नॅपकिनमध्ये अगदी व्यवस्थित घडी करून बांधत होत्या, टोकं आत दुमडून. मावशीने विचारलं तर म्हणाल्या, पहाटे साखर उतरते, चहा सातला मिळतो. म्हणजे साडेबारा तास. स्वयंपाकघर चांगलं आहे म्हणून आम्ही खूश होतो आणि डायबेटिस असलेल्या मावशीसाठी खरा प्रश्न रात्रीच्या त्या साडेबारा तासांचा होता. त्या आजी तक्रार करत नव्हत्या, त्यांनी सोय शोधली होती. आम्ही थांबलो नसतो तर कळलं नसतं.

पर्समध्ये एक मेजर टेप टाका. ज्येष्ठांसाठी म्हणून जे प्रकल्प विकले जातात त्यांच्यासाठी महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, 2024 मध्ये नियम घालून दिलेत, दारं किमान 900 मिलिमीटर रुंद, म्हणजे साधारण तीन फूट, व्हीलचेअर जायला हवी म्हणून, बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणाऱ्या फरशा, जिन्याला दोन्ही बाजूंना कठडे, एका टप्प्यात 12 पेक्षा जास्त पायऱ्या नकोत. ट्रस्टच्या जुन्या इमारतींना ते लागू नसतील, पण मोजायला माप म्हणून फार उपयोगी आहे. खोलीचं दार तीन फूट आणि बाथरूमचं दोन, असं मी बघितलंय, मग व्हीलचेअर बाथरूमच्या दारात अडकते आणि माणसाला उचलून न्यावं लागतं. लिफ्टला जनरेटर आहे का विचारा, पावसाळ्यात नाशिककडे काय नि नेरळकडे काय, वीज जाणारच.

कागदांचं पटकन सांगते. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा. डिपॉझिट परत कधी, किती कापून, आणि तुमच्या पश्चात कोणाला, हे करारात हवं. महिनाभर बंगलोरला गेलात तर फी पूर्ण की अर्धी. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर बरोबर कोण जातं, रात्री डॉक्टर कुठला, लोकल गार्डियन म्हणून कोणाचं नाव लागतं. सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर जवळची डिस्पेन्सरी किती लांब. पुढच्या वर्षी तुम्हाला 70 पूर्ण होतील, तेव्हा आयुष्मान भारतचं 5 लाखांचं कव्हर उत्पन्नाची अट न लावता मिळू शकतं, पण सीजीएचएस असेल तर दोन्हींतलं एकच निवडावं लागतं, घाईने फॉर्म भरू नका. आणि फ्लॅट तुमच्या नावावर आहे तो तुमच्याच नावावर राहू द्या. रिडेव्हलपमेंटच्या कागदांच्या गडबडीत कोणी प्रेमाने म्हणालं की आत्ताच नावावर करून टाकू, सोपं पडेल, तर थांबा, आधी वकिलाला दाखवा. बक्षीसपत्र करायचीच वेळ आली तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या, 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं ते त्या अटीच्या आधारावरच. मुलावर अविश्वास म्हणून नाही हे, नवीन घराची चावी मिळेपर्यंत तुमच्याकडे परत यायला जागा असावी म्हणून.

आता मुलगा. तुम्ही विचारलंत कधी सांगू. आजच सांगा, रविवारपर्यंतही थांबू नका. तुम्हाला वाटतंय की लपवून तुम्ही त्याला त्रासापासून वाचवताय, पण एक दिवस त्या जागेचा फोन त्याला लोकल गार्डियन म्हणून जाईल आणि त्याला कळेल की आई त्र्यंबकेश्वरला गेलीच नव्हती, तेव्हा तो जागेवर चिडणार नाही, तुमच्यावर चिडेल, आणि त्याहून जास्त स्वतःवर. तो जे म्हणाला त्यात तुमचं काही चुकलं असं तो म्हणाला नाहीये. लोक त्याला काय म्हणतील याची भीती आहे ती. आपल्याकडे वृद्धाश्रम या शब्दाला "टाकलं" हे एकच क्रियापद चिकटलंय, कोणी "राहायला गेली" म्हणतच नाही. तुम्ही मात्र पत्रात "घेऊ" असं लिहिलंय, कोणती घेऊ. हा फरक त्याच्यापर्यंत पोचलेला नाही, कारण त्याच्याशी विषय निघाला तेव्हा तो वाद झाला आणि तुम्ही गप्प बसलात. त्याला बंगलोरचे ते चार महिने जसे होते तसे सांगा. सकाळी नऊला दोघं गेल्यावर रात्री नऊपर्यंत तुमच्याशी कोण किती बोललं, खाली बागेत गेलात तर कन्नड येत नाही म्हणून किती दिवस नुसत्या बाकावर बसलात. हे त्याला माहितीच नसेल, तो घरी यायचा तेव्हा आई हसतच दार उघडत असणार. तक्रार म्हणून सांगू नका, पण सांगा.

आणि त्याची संमती मागू नका, त्याला काम द्या. करार वाचायचं काम त्याचं. दिवाळीत तो येईल तेव्हा फडके रोडवर फिरून झालं की दुसऱ्या दिवशी त्याला नाशिकला न्या आणि तो मेजर टेप त्याच्या हातात द्या. दाराची रुंदी मोजणारा मुलगा "आईला टाकलं" असं म्हणू शकत नाही, त्याच्या हातात आता कामच वेगळं आहे. आमच्या मावशीचा मुलगाही असाच अडून बसला होता, आणि शेवटी बाथरूमची दोरी खाली सोडा म्हणून तिथल्या मॅनेजरशी भांडला तोच.

एक गोष्ट मात्र मी तुमच्याकडून ऐकलेली नाही आणि ती तुम्ही स्वतःला विचारा. तुम्हाला नेमकं काय हवंय? गुडघ्यांना लिफ्ट हवीये, की स्वयंपाकाचा कंटाळा आलाय, की संध्याकाळी बोलायला माणूस हवंय? कारण फक्त लिफ्टच हवी असेल तर बिल्डरच्या भाड्यात डोंबिवलीतच तळमजल्याची किंवा लिफ्टवाली जागा मिळू शकते, डबा लावता येतो आणि भजनी मंडळ सुटत नाही. तीन वर्षांनी त्याच बिल्डिंगमध्ये लिफ्ट असलेलं तुमचं नवं घर तयार असेल. हा पर्याय तुमच्या पत्रात नाहीये, आणि मला तो नाशिकइतकाच विचार करण्यासारखा वाटतो. माणसं हवी असतील तर नाशिक. पण तिथली माणसं तुम्हाला आवडतील का, हे तासाभराच्या भेटीत कळणार नाही, म्हणून 15 दिवस पैसे भरून राहायचं विचारा. गेस्ट रूम किंवा रिकामा बेड असेल तर बरेच जण हो म्हणतात. पावसाळ्यात राहा, सुखाच्या थंडीत नको. घर रिकामं करायच्या आधीच राहा, म्हणजे परत येऊन झोपायला आपला पलंग आहे तोवर. चौथ्या-पाचव्या दिवशी नव्याची नवलाई संपते, मग दुपारी दोन ते चार कसे जातात ते बघा, मावशी म्हणायची तिथे दुपार फार लांब असते, आणि तिने त्यावर उपाय म्हणून वाचनालयाची वही स्वतःकडे घेतली. तुम्हाला तिथे काही करू देतील का, भाजी निवडायला, देवळात भजन म्हणायला? काही ठिकाणी अजिबात हात लावू देत नाहीत, तुम्ही आराम करा म्हणतात. काही बायकांना ते सुखाचं वाटतं, आमच्या मावशीला तो तुरुंग वाटला असता.

एसटीने जा, बायकांना कुठल्याही वयात अर्धं तिकीट आहेच, 75 नंतर तर पूर्ण मोफत. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत 2020 मध्ये बंद झाली ती झाली.

ज्यांच्याकडे अशी पेन्शन नाही त्यांची पत्रंही मला येतात, त्यांच्यासाठी इथेच लिहिते. 2007 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान एक, निदान 150 जणांचा वृद्धाश्रम असावा असं म्हटलंय, आणि महाराष्ट्रात शासनाच्या अनुदानावर चालणारे वृद्धाश्रम आहेत, तिथे निराधार पुरुषांना 60 आणि बायकांना 55 पासून मोफत प्रवेश असतो. जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या ऑफिसात चौकशी करा, किंवा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला, 14567 ला, सकाळी 8 ते रात्री 8 मध्ये फोन करा, पैसे लागत नाहीत. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्त्याचा अर्ज करता येतो, त्याला वकील लागत नाही. आणि मोफत जागा असली तरी तीही बघूनच ठरवा, बेल, रात्रीचे तास, सगळ्यात आजारी माणूस, हे तिघंही तिथे तसेच विचारायचे असतात. फुकट आहे म्हणून विचारायचा हक्क जात नाही.

काकू, आता त्या उशीच्या बाई. त्यांनी तुम्हाला थांबवून एवढंच सांगितलं की उशी घरून आणा. मला त्यात दोन गोष्टी ऐकू आल्या, एक तर तिथल्या उश्या वाईट आहेत, आणि दुसरं, त्यांना तुम्ही यावंसं वाटलं. नको येऊ म्हणाल्या नाहीत त्या. पुन्हा जाल तेव्हा ऑफिसात जायच्या आधी त्यांना शोधा, नाव विचारून घ्या, डोंबिवलीहून काहीतरी खायला न्या आणि त्यांच्या खोलीत अर्धा तास बसा. मॅनेजर परत हसून पुढे चला म्हणाले तर म्हणा, तुम्ही व्हा पुढे, मी येते.